नऊ सेकंद मागे

पडदा पहिल्यांदा काळा झाला तेव्हा बोटीवरून फक्त चार माणसं उतरली होती, आणि माझी ताई माझ्या पाठीमागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोटांवर मोजत होती.

तिचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, बुडालेल्या मालवाहू जहाजावर इंजिनाकडे कामाला होते. जहाजावर एकूण तेवीस माणसं. कंपनीनं सकाळी एवढंच सांगितलं की एकोणीस वाचली, नावं खात्री झाल्याशिवाय सांगता येणार नाहीत. त्यानंतर कंपनीनं फोन उचलणंच बंद केलं. वाचलेल्यांना घेऊन सुटकेची बोट दूरच्या एका बंदराला लागणार होती आणि तिथलं थेट चित्र फक्त आमच्याकडे येणार होतं. आमचा चॅनल लहान, पण जहाजावरची बहुतेक माणसं आमच्या शहरातली. त्यांच्या घराघरांत त्या दुपारी आमचाच चॅनल लागलेला होता.

ताई घरी बसूनही बघू शकली असती. "तुझ्याकडे आधी दिसेल ना रे, बारक्या?" एवढं विचारून ती आली. बाहेरच्या माणसाला कंट्रोल रूममध्ये बसवायचं नाही असा नियम आहे. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नियम गिळला.

आता रिसीव्हरबद्दल सांगतो, कारण सगळं पाप तिथलं आहे. रिसीव्हर म्हणजे एक चपटी काळी पेटी. बाहेरून येणारं चित्र आधी तिच्यात शिरतं आणि मग पुढे घरोघरी जातं. तिला पहिलं, दुसरं, तिसरं असे इनपुट लावता येतात. पहिल्यावरचं चित्र मेलं की पेटी आपोआप दुसऱ्यावर उडी मारते. मी मोठ्या ऐटीत दोन वायरी लावून ठेवल्या होत्या. दर महिन्याच्या तक्त्यात ‘बॅकअप आहे’ असं लिहून खाली सही ठोकत होतो. फक्त त्या दोन्ही वायरी गच्चीवरच्या एकाच डिशमधून येत होत्या. दोऱ्या दोन, खुंटी एक. त्या दुपारी वाऱ्यानं खुंटीच हलवली.

आमच्या धंद्यातले जुने लोक नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवतात. बॅकअप लावलास की पहिली वायर स्वतःच्या हातानं उपटून बघ. उपटल्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघितलं नाहीस, तर तुझ्याकडे बॅकअप नाही, फक्त समाधान आहे. मी पंधरा वर्षांत दहा नवशिक्यांना हे ऐकवलं असेल. स्वतः कधी उपटली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

"काय झालं?" ताईनं विचारलं. तिची चार बोटं तशीच मिटलेली होती.

"काही नाही. येतंय."

येत कुठलं! साहेब माझ्या कानाशी येऊन ओरडत होते की बॅकअप आहे ना, मग लाव ना बॅकअप. मी त्यांना उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर नोकरी तिथेच गेली असती, आणि त्या क्षणी मला ती खुर्ची सोडायची नव्हती. वॉचमनकाकांना म्हटलं, गच्चीवर जा, डिशला दोर बांधा, आणि मी सांगेन तशी धरून ठेवा. मग बंदरावरच्या आमच्या व्हॅनवाल्याला फोन लावला. कॅमेरा, व्हॅन, तिथलं सगळं तो एकटा बघत होता.

"इकडे काळोख झालाय," मी म्हटलं. "किती उतरले?"

"चारच. उतरायची फळी सरकली म्हणून थांबवलंय. पाच-दहा मिनिटं लागतील."

जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "हेच चित्र इंटरनेटवरून पण पाठव. मी दुसऱ्या इनपुटला घेतो."

"इथलं नेट म्हणजे नुसता तमाशा आहे. चित्राचे तुकडे होतील."

"तुकड्यांचं मी बघतो. तू पाठव."

तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते मी त्या दहा मिनिटांत केलं. त्यानं आकडे सांगितले, मी रिसीव्हरमध्ये भरले. पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चित्र आलं, पण खरोखरच तुकडे तुकडे. त्यावर उपाय एकच असतो: थांबून घ्यायचं. पेटीला सांगायचं की चित्र आल्या आल्या दाखवू नकोस, काही सेकंद जवळ ठेव, मागे राहिलेले तुकडे येऊन मिळू देत, मग दाखव. जितकं जास्त थांबाल तितकं चित्र स्वच्छ. मी तीन सेकंद करून बघितले, पाच केले, शेवटी नऊ केले. नवावर चित्र काचेसारखं झालं. तोवर वॉचमनकाकांनी दोर आवळला होता आणि डिशचंही चित्र परतलं होतं. पहिला इनपुट डिश, दुसरा इंटरनेट. एकदा दुसऱ्यावर गेली की पेटीनं आपणहून परत यायचं नाही, असंही लावून ठेवलं. या खेपेला दोऱ्या दोन आणि खुंट्याही दोन.

वायर उपटून बघायला हवी होती. पण पाचवा माणूस फळीवर आला होता. त्या वेळी वायर उपटायची छाती कुणाची होणार?

सगळ्यांच्या अंगावर एकसारखी करडी घोंगडी होती. काहींचे चेहरे उघडे होते, काहींनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली होती, कारण तिथेही वारा सुटला होता. फळीवरून उतरून पाय धक्क्याला लागला की आमची ग्राफिक्सवाली बटण दाबायची आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा एकानं वाढायचा. ज्याचा चेहरा दिसत नसेल त्याला ताई चालीवरून ओळखायचा प्रयत्न करत होती. भावोजी डावा खांदा थोडा पाडून चालतात. दर माणसाला ती खुर्चीत पुढे सरकायची, आणि मग मागे. सात. आठ. नऊ. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी पेटीच्या दिव्यांकडे बघत होतो.

बारा झाले आणि पडदा पुन्हा काळा पडला.

कुणीतरी किंचाळलं. मी एक, दोन असं मोजलं, आणि पेटीनं उडी मारली. दुसऱ्या इनपुटचा दिवा हिरवा झाला, चित्र स्वच्छ, आणि फळीवरून घोंगडीतला एक माणूस उतरत होता. त्याचा पाय धक्क्याला लागला. ग्राफिक्सवालीनं बटण दाबलं. तेरा.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. वॉचमनकाका वरून हाका मारत आले की दोर तुटला, आणि मी राजासारखा हात हलवून म्हटलं, "तुटू दे." बहीण मागे जीव मुठीत धरून बसलेली असताना मी माझ्या वायरीवर खूश होतो. त्या फुगलेल्या छातीची मला आजही लाज वाटते.

चौदा. पंधरा. सोळा. सतरा. मग बराच वेळ कुणीच नाही. अठरावा आला, त्याचा चेहरा उघडा होता, दाढीवाला. त्याच्या मागे लगेच एकोणिसावा, उंचच उंच. भावोजी माझ्या खांद्याएवढे.

निवेदिका म्हणाली, "आणि अशा रीतीनं सर्वच्या सर्व एकोणीस जण सुखरूप धक्क्यावर उतरले आहेत." खोलीत दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या, मग ताईची आठवण होऊन थांबवल्या.

ताई रडली नाही. तिनं मुठी उघडल्या, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल, निघते मी. पोराची शाळा साडेचारला सुटते."

"ताई, थांब. मी येतो सोबत."

"कशाला? तुझं काम चाललंय." ती दाराशी गेली. तिथून म्हणाली, "चित्र चांगलं होतं हो, बारक्या. स्वच्छ दिसत होते सगळे."

तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मी खुर्चीतच बसून राहिलो. काहीतरी करायचं म्हणून व्हॅनवाल्याला फोन लावला.

"झालं बाबा," मी म्हटलं. "आवर तुझं सामान."

"आवर काय? एक राहिलाय ना अजून."

"कोण राहिलाय? एकोणीस झाले."

"अठरा," तो म्हणाला. "मी फळीसमोर उभा आहे की तू? एकाला आत डॉक्टर बघतायत. स्ट्रेचरवरून आणणार आहेत."

माणूस चिडतो तेव्हा आधी दुसऱ्याची चूक शोधतो. मी त्याला म्हटलं, झोपला होतास का. तोही माझ्यावर उखडला. आणि बोलता बोलता मी रेकॉर्डिंग मागे नेलं, त्याला खोटं पाडायला. बाराव्या माणसापाशी आलो. डोक्यावरून घोंगडी, चेहरा दिसत नाही. एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता पांढरा मोजा. शेवटच्या पावलाला त्याचा तोल जातो, तो कठड्याला धरतो आणि उतरतो. मग काळोख. मग तेरावा. डोक्यावरून घोंगडी, एका पायात बूट, दुसऱ्यात पांढरा मोजा. शेवटच्या पावलाला तोल जातो, तो कठड्याला धरतो.

डिशचं चित्र जवळजवळ ताजं असतं. इंटरनेटचं मी स्वतः नऊ सेकंद मागे ठेवलं होतं. ताज्या चित्रावरून मागच्या चित्रावर उडी मारली की मधले काही सेकंद पुन्हा दिसणारच. वायर एकदा उपटून बघितली असती तर मला हे पाचव्या माणसाच्या आधी कळलं असतं. तो माणूस एकदाच उतरला होता. मी त्याला दोनदा उतरवला.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबलो. तिला सांगायचं काय? तेवीसातले अठरा दिसले, भावोजी त्यांत नाहीत. उरले पाच, आणि त्या पाचांतला एक जिवंत. पाचात एक! एवढ्याशा आशेसाठी तिला परत त्या खुर्चीत बसवायचं? आणि स्ट्रेचरवर दुसराच कुणी निघाला तर? एकदा मेलेली बहीण मी पुन्हा मारायची? वाटलं, परत फिरावं. स्ट्रेचर येऊ दे, भावोजी असले तर धावत जाऊन सांगू, नसले तर तिला कळायचंही कारण नाही. किती सोयीचं होतं ते. पण मग पाय खालीच गेले, माझं न ऐकता.

ती बस स्टॉपवर उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी धापा टाकत सगळं सांगितलं. वायरी, सेकंद, बूट, मोजा. तिनं मधेच तोडलं.

"म्हणजे अठराच झालेत?"

"अठराच."

"आणि एक आत आहे. जिवंत."

"हो. पण ताई, पाचात एक. मी तुला खोटी..."

"मला कळतो रे हिशोब." बस आली आणि गेली, तिनं वळूनही बघितलं नाही. मग एकदम माझ्या दंडाला धरून म्हणाली, "मग तू इथे काय करतोयस? टीव्हीवर सांग ना! माझ्यासारख्या आणखी चौघी उठून गेल्या असतील!"

मला हे सुचलं नव्हतं. शपथेवर सांगतो, सुचलं नव्हतं. मी फक्त माझ्याच बहिणीचा हिशोब करत होतो.

चालता चालता तिनं फोन काढला. जहाजावरच्यांच्या बायकांपैकी एकीचाच नंबर तिच्याकडे होता, आचाऱ्याच्या बायकोचा. जहाजाचा फोन लागला नाही की या दोघी एकमेकींना फोन करून धीर द्यायच्या. फोन वाजत राहिला. तिनं पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

वर साहेबांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "म्हणजे आपणच बोंब ठोकायची की आपण चुकलो? आणि काय सांगायचं, एका माणसाला आम्ही दोनदा मोजलं? लोक शेण घालतील तोंडात. येईल ना तो स्ट्रेचर, तेव्हा दाखवू गुपचूप."

"तोवर त्या टीव्ही बंद करून बसतील," ताई म्हणाली.

"बाई, तुम्ही यात..."

"साहेब," मी म्हटलं, "चूक माझी आहे. माझ्या नावानं पट्टी टाका. उद्या मला हाकला."

साहेब माझ्याकडे वळले तेवढ्यात निवेदिकेच्या पडद्यावरचा आकडा बदलला. एकोणीसचे अठरा झाले. ग्राफिक्सवाली कुणालाच न विचारता टाइप करत होती. खालून पट्टी सरकू लागली: ‘आधी दाखवलेली संख्या चुकीची होती. अठरा जण उतरले आहेत. एक जण अजून बोटीवर आहे, तो जिवंत आहे. कृपया टीव्ही बंद करू नका.’ शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि दिवसातला दुसरा नियम गिळला.

ताई खुर्चीत बसली. मी रिसीव्हरसमोर. वारा पडला होता, डिशचा दिवा पुन्हा हिरवा झाला होता. डिशवर गेलो असतो तर मधले काही सेकंद कायमचे गळाले असते. मी पेटीवर हात ठेवून बसलो, कुणी चुकूनही बटण दाबू नये म्हणून. बंदरात जे काही व्हायचं ते झालेलं असेल, आमच्यापर्यंत यायला नऊ सेकंद आहेत, असं दर क्षणाला वाटत होतं. व्हॅनवाल्याचा फोन मी मुद्दाम बंद केला होता. मला तिच्या आधी कळायला नको होतं.

स्ट्रेचर आला. आधी पाय दिसले, मग घोंगडी, मग तोंडावरची ऑक्सिजनची नळी. कॅमेरा जवळ गेला.

"हे नाहीत," ताई म्हणाली.

लगेच म्हणाली. पायांवरूनच तिला कळलं होतं. मी वळलो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती चेहऱ्याकडे बघत होती, डोळे बारीक करून. टक्कल, जाड भुवया, हनुवटीवर जुना व्रण.

"आचारी आहे हा," ती म्हणाली. "याच्या बायकोनं फोटो पाठवला होता मला." आणि तिनं फोन काढला.

फोन वाजत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. बंद झाला. तिनं पुन्हा लावला. बंद झाला. तिनं पुन्हा लावला. पलीकडून फोन उचलला गेला तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता.

"हां, मी बोलतेय. टीव्ही बंद केलास का गं?... नको रडूस, ऐक. लाव. लाव आधी... माझं सोड. लावलास? स्ट्रेचरवर कोण आहे बघ."

पलीकडून जो आवाज आला तो ऐकून ताईनं फोन कानापासून थोडा लांब धरला. ऐकत राहिली. मग म्हणाली, "हो. हो गं. जिवंत. नळी लावलीय म्हणजे श्वास चालू आहे. आता फोन ठेव, त्यांचे फोन यायचे असतील तुला."

फोन पिशवीत टाकून ती म्हणाली, "बारक्या, पहिल्यापासून लाव ना एकदा."

"ताई..."

"एकदाच. ते दोनदाचं मी मोजत नाही."

मी रेकॉर्डिंग सुरुवातीला नेलं. ती खुर्चीत पुढे सरकून बसली. एकेक माणूस फळीवरून उतरत होता आणि ती एकेक बोट मिटत होती, डाव्या खांद्यांकडे बघत. बारावा आला, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, तिनं बोट मिटलं. काळोख झाला. तोच पुन्हा उतरला. तिनं बोट हलवलं नाही, फक्त तो पुन्हा अडखळला तेव्हा पुटपुटली, "सांभाळून."

एकोणीस होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. मग तिनं घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती.